आदेश आणि स्थानी : आयर्न मेडनच्या दहाव्या ध्वनिमुद्रिकेविषयी

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने रॉक संगीताच्या इतिहासात शिरावे हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे तो मुळात आवाजाचा, शब्दाचा आणि एकाच्या जागी दुसरा येण्याचा प्रश्न आहे. आणि हे तिन्ही विषय आमच्या शास्त्राला परके नाहीत. इंग्लंडमधील ‘आयर्न मेडन’ ह्या हेवी मेटल वृंदाने २ ऑक्टोबर १९९५ रोजी ‘द एक्स फॅक्टर’ ही आपली दहावी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. नावातील ‘एक्स’ हा रोमन अंकांतला दहा होय. तीत मुख्य गायक नवा होता. ह्या ध्वनिमुद्रिकेचे नाव आज वृंदाच्या चाहत्यांत निघाले तरी ते बहुधा एका पडत्या काळाची खूण म्हणून निघते. हा निवाडा कसा तयार झाला आणि तो कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम घटनांचा क्रम. बेस गिटार वाजविणारा स्टीव्ह हॅरिस ह्याने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये हा वृंद स्थापन केला. पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांवर, म्हणजे १९८० व १९८१ साली, पॉल डिआनो हा गायक होता. १९८१ मध्ये त्याच्या जागी ब्रूस डिकिन्सन आला आणि १९८२ च्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ने ब्रिटनच्या विक्रीच्या तक्त्यात पहिले स्थान मिळविले. पुढील दहा वर्षे डिकिन्सनचा आवाज आणि वृंदाचे नाव ह्यांत लोकांनी भेद केला नाही. १९९२ च्या ‘फियर ऑफ द डार्क’नंतर दोन गोष्टी घडल्या. आरंभीच्या काळापासून वृंदाच्या ध्वनिमुद्रणाची निर्मिती पाहणारा मार्टिन बर्च निवृत्त झाला आणि १९९३ च्या ऑगस्टमध्ये डिकिन्सन वृंद सोडून गेला. १९९४ मध्ये त्याच्या जागी ब्लेझ बेली ह्याची निवड झाली. तो टॅमवर्थ येथील ‘वुल्फ्सबेन’ ह्या वृंदाचा गायक. १९९० च्या ब्रिटनमधील दौऱ्यात आयर्न मेडनच्या आधी मंचावर येण्याचे काम ह्याच वृंदाने केले होते. तेव्हा निवड अनोळखी माणसाची नव्हती. बेलीच्या आवाजात दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या, १९९५ ची ‘द एक्स फॅक्टर’ आणि १९९८ ची ‘व्हर्च्युअल इलेव्हन’. १९९९ च्या जानेवारीत बेली गेला आणि डिकिन्सन परत आला. त्याच्याबरोबर १९९० साली गेलेला गिटारवादक एड्रियन स्मिथही परतला.

हा इतिहास सांगण्याची जी रूढ पद्धत आहे तिच्यात १९९४ ते १९९८ हा काळ म्हणजे एक व्यत्यय. राजा वनवासाला गेला, मधल्या काळात दुसऱ्याने गादी सांभाळली, राजा परतला आणि राज्य पूर्ववत झाले, अशी ही कथा असते. कथेचा आकार इतका ओळखीचा आहे की तिच्यातील मधल्या माणसाने प्रत्यक्षात काय केले हे कुणी विचारीत नाही. (भरताच्या बाबतीत निदान कवींनी तरी ते विचारले होते.)

आकड्यांकडे पाहिले तर चित्र काहीसे वेगळे दिसते. ब्रिटनच्या तक्त्यात ‘फियर ऑफ द डार्क’ पहिल्या क्रमांकावर होती, ‘द एक्स फॅक्टर’ आठव्यावर आली. हे अधःपतन म्हणून दाखविले जाते आणि ते काही अंशी खरेही आहे. १९८१ नंतर इतका खालचा क्रमांक वृंदाला मिळाला नव्हता. परंतु डिकिन्सन परतल्यावर २००० साली जी ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ निघाली आणि जिला पुनरुत्थान म्हणून गौरविण्यात येते, ती ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंतच पोचली. एका स्थानाच्या अंतरावर अपयश आणि पुनरुत्थान असे दोन शब्द उभे आहेत. अमेरिकेत मात्र अंतर मोठे होते. तेथे हे तीन क्रमांक अनुक्रमे १२, १४७ आणि ३९ असे आहेत. तेव्हा अमेरिकेतील घसरगुंडी नाकारण्याचे कारण नाही. पण तिचे सर्व खापर एका गायकाच्या माथी फोडणे न्याय्य नव्हे. १९९१ मध्ये निर्व्हाना ह्या वृंदाची ‘नेव्हरमाइंड’ निघाल्यापासून तेथील श्रोत्यांची आवड झपाट्याने बदलली होती आणि जुन्या धाटणीच्या बहुतेक मेटल वृंदांना तिचा फटका बसला. मोटली क्रू ह्या वृंदाने १९९४ मध्ये, जुडास प्रीस्टने १९९७ मध्ये नव्या गायकांसह काढलेल्या ध्वनिमुद्रिकांची कथा फार निराळी नाही. आयर्न मेडनला तर अमेरिकेत ह्या ध्वनिमुद्रिकेसाठी लहान प्रकाशनसंस्थेचा आश्रय घ्यावा लागला आणि तेथील दौऱ्यात छोट्या सभागृहांत वाजवावे लागले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पाणिनीय व्याकरणात एका घटकाच्या जागी दुसरा येतो तेव्हा पहिल्याला ‘स्थानी’ आणि दुसऱ्याला ‘आदेश’ म्हणतात. अष्टाध्यायीच्या पहिल्या पादातील एक सुप्रसिद्ध परिभाषा सांगते की आदेश हा स्थानीप्रमाणे मानावा. म्हणजे स्थानीला जे अधिकार होते ते आदेशालाही मिळतात. ‘कृत्वा’ मधील प्रत्ययाच्या जागी ‘प्रकृत्य’ मध्ये निराळा प्रत्यय आला, तरी कृत् आणि अव्यय म्हणून पहिल्याला जी प्रतिष्ठा होती ती दुसऱ्यालाही लाभते. परंतु ह्याच परिभाषेत एक अपवाद आहे. जे कार्य वर्णावर, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनीवर, अवलंबून असते त्या कार्यापुरता आदेश स्थानीसारखा मानावयाचा नाही. ‘दिव्’ ह्या शब्दाच्या अंत्य व्यंजनाच्या जागी प्रथमेच्या एकवचनात स्वर येतो. व्यंजनान्त शब्दापुढील प्रत्ययाचा लोप होण्याचा जो नियम आहे तो येथे लागत नाही, आणि म्हणूनच ‘द्यौः’ ह्या रूपाचा विसर्ग शिल्लक राहतो. जागा वारशाने मिळते, ध्वनी मिळत नाही, असा ह्या नियमाचा आशय आहे.

आयर्न मेडनच्या इतिहासातील १९९४ च्या घटनेला हा भेद जसाच्या तसा लागू पडतो असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बेलीला स्थानीचे सर्व अधिकार मिळाले. किंबहुना एका बाबतीत ते डिकिन्सनला आरंभी मिळाले होते त्याहून अधिक होते. १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेवर डिकिन्सनच्या नावाने एकही गीत नाही, कारण आधीच्या वृंदाशी झालेला त्याचा करार आड आला. ‘द एक्स फॅक्टर’मधील अकरा गीतांपैकी पाचांच्या रचनाकारांत बेलीचे नाव आहे. मंचावरील जागा, मुखपृष्ठावरील नाव, रचनेतील वाटा ही सारी प्रतिष्ठा आदेशाला विनातक्रार मिळाली. घोटाळा झाला तो वर्णकार्यात.

डिकिन्सनचा आवाज उंच पट्टीचा, तार सप्तकात दीर्घकाळ टिकणारा. बेलीचा आवाज त्यामानाने खालचा, जाड आणि मध्य सप्तकाच्या खालच्या अंगाला खुलणारा. आपल्याकडे गायकाने आपली पट्टी सांगावी आणि साथीदारांनी वाद्ये त्याप्रमाणे लावून घ्यावीत ही रीत आहे; गायक बदलला की षड्ज बदलतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. रॉक वृंदात षड्ज गिटारच्या तारांत बसलेला असतो. ह्या वृंदाची कित्येक गीते खालच्या मोकळ्या तारेच्या नादावर उभी आहेत. हॅरिसच्या बोटांची जी घोड्याच्या दौडीसारखी लय प्रसिद्ध आहे ती पुष्कळदा ह्याच तारेवर चालते. पट्टी उतरवायची तर सर्व वाद्यांच्या तारा सैल कराव्या लागतात आणि मग नादाचा पोतच बदलतो. वृंदाने तसे केले नाही. परिणाम असा की १९९५ च्या सप्टेंबरअखेर जेरुसलेमपासून सुरू झालेल्या दौऱ्यात बेलीला ‘द नंबर ऑफ द बीस्ट’, ‘हॅलोड बी दाय नेम’ ही गीते डिकिन्सनच्याच पट्टीत गावी लागली. पुढे आवाजाच्या त्रासामुळे काही कार्यक्रम रद्द करण्याची पाळी आली. श्रोत्यांनी जो दोष बेलीचा मानला तो वस्तुतः एका व्याकरणाचा होता: ध्वनीवर अवलंबून असलेल्या कार्यातही आदेशाने स्थानीप्रमाणेच वागावे अशी अपेक्षा ठेवण्यात आली.

कुणी विचारील की १९८१ मध्ये असे का झाले नाही? डिकिन्सन हाही डिआनोचा आदेशच होता. त्याचे उत्तर सोपे आहे. डिआनोची गीते डिकिन्सनच्या आवाजाच्या आवाक्यात पूर्णपणे येत होती. विस्तृत आवाजाने संकुचित आवाजाची जागा घेणे ही एक गोष्ट, आणि उंच आवाजाची जागा खालच्या आवाजाने घेणे ही दुसरी. गुणवत्तेचा निवाडा येथे अजून सुरूच होत नाही.

ध्वनिमुद्रिकेवर मात्र परिस्थिती वेगळी आहे, आणि समीक्षकांनी हे लक्षात घेतलेले नाही. तेथील गीते ह्याच आवाजासाठी नव्याने रचलेली आहेत. पहिले गीत ‘साइन ऑफ द क्रॉस’ हे अकरा मिनिटांहून अधिक लांबीचे आहे. मध्ययुगीन मठातील समूहपठणाच्या धर्तीवर त्याचा आरंभ होतो, त्यानंतर बेलीचा आवाज जवळजवळ बोलल्यासारखा, अगदी खालून येतो. गीताची प्रेरणा उंबेर्तो एको ह्यांची ‘द नेम ऑफ द रोज’ ही १९८० ची कादंबरी. धर्मपीठाच्या चौकशीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी हा खालचा, दबलेला स्वर शोभतो. तेथे विजयाची आरोळी विसंगत ठरली असती. एक ध्वनिशास्त्रीय गोष्टही येथे नमूद करावीशी वाटते. आवाजाची पट्टी जसजशी चढते तसतसे स्वरवर्णांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे अनुनाद क्षीणपणे उमटतात आणि अ, आ, ओ ह्यांतील भेद पुसट होऊ लागतो. खालच्या पट्टीत वर्ण स्पष्ट राहतात. ज्या ध्वनिमुद्रिकेत शब्दांना इतके सांगावयाचे आहे तिला हा आवाज अडचण नव्हे, सोय होती.

शब्द काय सांगतात हे आता पाहू. ह्या वृंदाने युद्धावर पूर्वीही गीते रचली होती. १९८३ चे ‘द ट्रूपर’ हे १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या लढाईतील घोडदळाच्या हल्ल्याविषयी आहे आणि त्यातील शिपाई हल्ला चालू असतानाच बोलतो. ‘द एक्स फॅक्टर’मध्ये युद्धावरची दोन गीते आहेत, ‘फॉर्च्युन्स ऑफ वॉर’ आणि ‘द आफ्टरमाथ’. दोन्हींचे लक्ष लढाईच्या उत्तरकाळाकडे आहे. पहिल्यात घरी परतलेला आणि रणांगण मनातून न गेलेला माणूस बोलतो. दुसऱ्यात खंदकांचा चिखल आणि काटेरी तारा ह्यांच्या चित्रणानंतर, हे सारे कशासाठी झाले, असा प्रश्न येतो. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर क्रियेचे अपूर्णत्व जाऊन तिचे पूर्णत्व आणि शेष ह्यांवर दृष्टी स्थिरावली आहे. प्रश्नार्थक वाक्ये आणि प्रथमपुरुष ह्यांचे प्राबल्य हेही ह्या ध्वनिमुद्रिकेचे एक लक्षण आहे. ‘टू ए. एम.’ मध्ये रात्री दोन वाजता कामावरून परतलेला एकटा माणूस आहे. ‘जजमेंट ऑफ हेवन’ मधील वक्ता आत्मनाशाच्या विचारापर्यंत जाऊन परततो. गोल्डिंगची १९५४ ची कादंबरी, कॉनरॅडच्या कथेवरून निघालेला १९७९ चा ‘अपोकॅलिप्स नाऊ’, लॉस अँजेलिसच्या वाहनकोंडीत संयम सुटलेल्या माणसाचा १९९३ चा ‘फॉलिंग डाउन’, अशी इतर गीतांची उगमस्थाने आहेत. ती सर्व माणसाच्या आतील बांध फुटण्याच्या कथा आहेत हा योगायोग नव्हे. त्याच सुमारास हॅरिसचा संसार मोडला होता आणि अकरांपैकी चार गीते त्याने एकट्याने रचली आहेत.

दोष नाहीत असे नाही. एकाहत्तर मिनिटांची लांबी ही ह्या सामग्रीला फार आहे. बऱ्याच गीतांची सुरुवात एकाच पद्धतीने, मंद आणि एकाकी तारांनी होते, आणि सहाव्या-सातव्या वेळी त्या मंदपणाचे गांभीर्य उरत नाही. ध्रुपदाची पुनरावृत्ती हॅरिसला नेहमीच प्रिय, पण येथे ती मर्यादा ओलांडते. बर्च गेल्यावर निर्मितीचे काम हॅरिस आणि नायजेल ग्रीन ह्यांनी हॅरिसच्या एसेक्समधील घरच्या स्टुडिओत केले. त्यातील नाद कोरडा आहे, गिटारी मागे पडल्या आहेत. ‘लुक फॉर द ट्रुथ’ हे गीत गाळले असते तर माझ्या मते काही हानी नव्हती. बेलीही सर्वत्र समान उतरत नाही. वरच्या पट्टीत त्याला ढकलले की आवाज सपाट होतो. पण ‘साइन ऑफ द क्रॉस’, ‘फॉर्च्युन्स ऑफ वॉर’, ‘द आफ्टरमाथ’ आणि ‘द एज ऑफ डार्कनेस’ ही चार गीते वृंदाच्या कोणत्याही काळातील गीतांशेजारी ठेवावीत अशी आहेत, आणि त्यांतील पहिल्याविषयी तर वृंदाने स्वतःच साक्ष दिली आहे.

ती साक्ष मोठी विलक्षण आहे. डिकिन्सन परतल्यानंतर १९ जानेवारी २००१ रोजी रिओ येथील महोत्सवात वृंदाने ‘साइन ऑफ द क्रॉस’ वाजविले आणि ते डिकिन्सनने गायिले. २००२ च्या ‘रॉक इन रिओ’ ह्या ध्वनिमुद्रिकेत ते आहे. ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ २००३-०४ च्या दौऱ्यात आले. २०१८ मध्ये टॅलिन येथून सुरू झालेल्या दौऱ्यात ‘साइन ऑफ द क्रॉस’ पुन्हा आले, आणि त्याच्याबरोबर १९९८ चे ‘द क्लॅन्समन’ही. म्हणजे आदेशासाठी घडविलेले रूप स्थानीने उचलले. ह्यात डिकिन्सनचे औदार्य दिसते हे मान्य केले पाहिजे. त्याने ही गीते मन लावून गायिली आहेत, आणि उंच आवाजात त्यांना एक निराळी भव्यताही येते. परंतु ह्यातून दुसरेही एक कार्य घडले. २०११ मध्ये १९९० ते २०१० ह्या वीस वर्षांतील निवडक गीतांचा ‘फ्रॉम फियर टू इटर्निटी’ हा संग्रह निघाला. त्यात बेलीच्या काळातील गीतांना स्थान आहे, मात्र डिकिन्सनच्या आवाजातील नंतरच्या मंचीय मुद्रणांच्या रूपात. गीत राहिले, आवाज गेला. पोथ्यांच्या पाठचिकित्सेत ज्याला उत्तरकालीन हस्तकाचा पाठ म्हणतात तोच येथे अधिकृत पाठ म्हणून बसविला गेला आहे. वीस वर्षांचा इतिहास त्या संग्रहातून समजून घेणाऱ्या नव्या श्रोत्याला बेली नावाचा कुणी गायक होता हे कानाने कळणारच नाही.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने माझा आक्षेप ह्या ठिकाणी आहे. विक्री कमी झाली म्हणून ध्वनिमुद्रिका विस्मरणात जाणे हे समजू शकते. तीमधील गीते उत्तम ठरली म्हणून ती दुसऱ्या आवाजात जतन व्हावीत आणि मूळ आवाज त्यांच्यापासून सुटा व्हावा, हे विस्मरण अधिक सूक्ष्म आहे, कारण ते आदराच्या रूपाने येते. मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना ही प्रक्रिया ठाऊक आहे. ओवी टिकते, ती पहिल्यांदा रचणारी बाई टिकत नाही. पण तेथे मुद्रण नव्हते. येथे १९९५ चे मुद्रण उपलब्ध आहे, आणि तरीही तेच घडते.

१ फेब्रुवारी २००८ रोजी वृंदाने आपल्या त्या वर्षीच्या विश्वदौऱ्याचा प्रारंभ मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात केला. प्रस्तुत लेखक त्या गर्दीत होता. त्या दिवशी १९८० ते १९८८ ह्या काळातील गीते आणि १९९२ चे एक गीत एवढेच वाजले. दौरा जाणूनबुजून त्या दशकाचा आखलेला होता, तेव्हा त्याविषयी तक्रार करता येत नाही. आणि खरे सांगावयाचे तर त्या वेळी मलाही त्यात काही उणे वाटले नाही. परतताना लोकलमध्ये शेजारचा एक तरुण ‘साइन ऑफ द क्रॉस’ का वाजविले नाही म्हणून हळहळत होता. ते मूळचे कुणी गायिले हे त्याला विचारल्यावर त्याने निःशंकपणे डिकिन्सनचे नाव घेतले. त्याचा पाठ रिओचा होता.

बेलीने १९९९ नंतर स्वतःच्या वृंदासह गाणे चालू ठेवले. २००० ची ‘सिलिकॉन मसाया’ ही त्याची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका. तीत गिटारच्या तारा त्याच्या आवाजाच्या मानाने लावलेल्या आहेत आणि फरक तत्काळ कानाला जाणवतो. आयर्न मेडनने २०२५ च्या मे महिन्यात बुडापेस्ट येथून आपल्या पन्नास वर्षांच्या स्मरणार्थ दौरा सुरू केला. त्यासाठी निवडलेली गीते पहिल्या नऊ ध्वनिमुद्रिकांतील होती. नववी म्हणजे ‘फियर ऑफ द डार्क’, आणि यादी तेथेच थांबते.